विक्री सगळे दाखवतात, उरलं किती ते विचारा : ऑनलाइन मार्केटिंगच्या गुरूंचा माझा अनुभव

कळवेकरीण | सोमवार, रात्री १०:१२

गेल्या वर्षी फेसबुकवर एका मार्केटिंग शिकवणाऱ्या माणसाची जाहिरात फिरत होती. निळी साडी नेसलेली एक बाई, मागे मसाल्याच्या बरण्या आणि खाली पट्टी : ‘कळव्याच्या गृहिणीची तीन महिन्यांत ९७ हजारांची विक्री’. ती बाई मी आहे.

तो आकडा खरा आहे. त्याच तीन महिन्यांत मी कर्जात गेले, हेही खरं आहे. पट्टीवर फक्त पहिलं छापलं गेलं, म्हणून दुसरं इथे लिहिते आहे.

मी आणि माझी जाऊ दहा-अकरा वर्षं मसाले करतो. गोडा मसाला, घाटी मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट. फेब्रुवारी लागला की तुर्भ्याच्या मसाला मार्केटातून बेडगी आणि संकेश्वरी आणायची, गच्चीवर वाळवायची, देठं काढायची, गिरणीच्या डंखावर उभं राहून कुटून आणायचं. गिऱ्हाईक म्हणजे सोसायटीतली माणसं, जावेच्या ऑफिसातल्या बायका आणि ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यातल्या मैत्रिणी. एप्रिल-मे महिन्यांत उसंत नसते, पावसाळ्यात हात रिकामे. मुलीचं बारावीचं वर्ष आलं, क्लासची फी समोर दिसायला लागली, आणि वाटलं की पावसाळ्यातही चार ऑर्डरी आल्या तर बरं.

त्याच दिवसांत या माणसाचा ९९ रुपयांचा वेबिनार समोर आला. रविवारी सकाळी तीन तास. शेवटच्या वीस मिनिटांत ४,९९९ रुपयांची दोन दिवसांची कार्यशाळा निघाली, वाशीच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये. तिथे मोठ्याने गाणी लावली, आम्हाला उभं केलं, डोळे मिटून पाच वर्षांनंतरचं घर बघायला सांगितलं. माझ्या शेजारची बाई रडत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर वर्षभराची ‘मेंटॉरशिप’ आली. ७५,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ८८,५००. हॉलच्या मागे टेबलं मांडून ठेवलेली, तिथे पॅन आणि आधार दाखवून पंधरा मिनिटांत बारा हप्ते बांधून दिले. महिन्याला ७,३७५. घरी येऊन नवऱ्याला सांगेपर्यंत कर्ज माझ्या नावावर चढलेलं होतं.

शिकवलं काय? फेसबुकवर जाहिरात कशी लावायची, फोटो कसा घ्यायचा, मथळा कसा लिहायचा. खोटं काही शिकवलं नाही. मी मन लावून केलं. ऑर्डरी आल्या.

आता जावेच्या वहीतला हिशेब. तिने पहिल्या दिवसापासून लिहून ठेवला होता, मीच बघत नव्हते. अर्धा किलोचं पाकीट ४२० रुपये. मिरची, खडा मसाला, कांडप, पिशवी, लेबल मिळून २३५. कुरियर ६५. हातात राहतात १२०. तीन महिन्यांत २३१ पाकिटं पोचली आणि पैसे आले, म्हणजे ९७,०२० रुपये. जाहिरातींवर गेले ४१,५८०. पाकिटामागे १८० रुपये जाहिरात आणि हातात १२०. प्रत्येक पाकिटावर मी ६० रुपये पदरचे घालत होते. त्याशिवाय ३८ पाकिटं ‘घरी कोणी नाही’, ‘ऑर्डर दिलीच नव्हती’ असं म्हणून परत आली, त्यांचं जाण्यायेण्याचं भाडं वेगळं. फाटलेल्या पिशव्यांतला मसाला विकता येत नाही.

हे मी कोर्सच्या ग्रुपवर मांडलं. उत्तर आलं, ‘ताई, तुमचा माइंडसेट अजून छोटा आहे. बजेट तिप्पट करा, स्केलवर नफा येतो.’ पाकिटामागे साठचा खड्डा असेल तर तिप्पट पाकिटांनी खड्डा तिप्पट होतो, हे माझ्या बारावीतल्या मुलीने सांगितलं. मी पुन्हा विचारलं, की सर, तुम्ही स्टेजवर जे स्क्रीनशॉट दाखवता त्यातलं उरलेलं किती, ते एकदा दाखवा. संध्याकाळी मी ग्रुपच्या बाहेर होते.

जाहिरातीतला व्हिडिओ त्याआधीचा आहे. हिशेब पूर्ण व्हायच्या आधी त्यांची माणसं घरी आली, दिवे लावले, मला बोलतं केलं. त्यांनी विक्रीच विचारली आणि मी विक्रीच सांगितली. मला अभिमान वाटला होता, हे मान्य करते. पैशांपेक्षा मला तो व्हिडिओ जास्त टोचतो.

---

खाडीपलीकडे | सोमवार, रात्री १०:५०

ताई, वही ठेवणाऱ्या जाऊबाईंना नमस्कार सांगा.

मी ऐरोलीचा. माझं प्रकरण लहान आहे. टी-शर्ट ‘माल न ठेवता’ विकायचे शिकवणारा कोर्स, १२ हजार. कोर्स संपल्यावर कळलं की माझ्या बॅचमधल्या साठ-सत्तर जणांनी एकाच पुरवठादाराचे तेच टी-शर्ट लावले होते. आम्ही एकमेकांवर बोली चढवून जाहिराती महाग करत होतो. दोन महिन्यांत बंद केलं.

---

सरळसोट | मंगळवार, सकाळी ८:०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पन्नास हजारांच्या वरची रक्कम देताना माणूस चार ठिकाणी चौकशी करतो. झटपट पैशाचा मोह नसता तर हे झालं नसतं. फसवणारा जितका दोषी तितकाच फसणाराही.

---

कळवेकरीण | मंगळवार, दुपारी २:३०

सरळसोट, राग नाही, पण ‘तितकाच’ हा शब्द मला मान्य नाही.

झटपट पैसा मी मागितला नव्हता. पावसाळ्यात महिन्याला पाच-सहा हजार सुटले तरी मी खूश होते. दहा वर्षं मिरचीचे देठ काढून बोटं पोळलेल्या बाईला आयत्या पैशाची सवय नसते. मला कमी पडलं ते ज्ञान, आणि ते मिळवायलाच मी गेले होते. शिकायला जाणाऱ्याने शिकवणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर ठेवायचा? आणि हा ‘मोह’ शब्द ऐकावा लागेल या भीतीनेच माझ्या बॅचमधल्या बायका अजून गप्प आहेत. निदान सात जणी मला माहीत आहेत. दोघींनी घरी अजून सांगितलेलं नाही, हप्ते चालू आहेत.

---

उंबरठा | मंगळवार, रात्री ११:२०

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेली आहे. वागळे इस्टेटमधल्या अशाच एका ऑफिसात आठ महिने काम केलं. नाव सांगणार नाही. आमच्या पदाचं नाव ‘बिझनेस कौन्सेलर’, काम फोनवर कोर्स विकणं. एमबीएचं कर्ज फेडायचं होतं म्हणून टिकले. हे कबूल करायला मला इथेच धीर आला.

वेबिनार ‘लाइव्ह’ नसतो. एकदा रेकॉर्ड केलेला असतो, तोच दर रविवारी लागतो. बाजूला ‘मी सोलापूरहून’, ‘सर, मी आत्ताच पैसे भरले’ असे जे संदेश पळतात, त्यातले बरेच कोणत्या मिनिटाला यायचे ते आधीच भरून ठेवलेले असतात. ‘फक्त ११ जागा उरल्या’ हा आकडा घड्याळावर चालतो. विक्री झाली नाही तरी तो कमी होतो.

वेबिनार संपायच्या आत आमच्याकडे यादी यायची. कोण शेवटपर्यंत थांबलं, कोणी पैसे भरायचं पान उघडून बंद केलं. अशांना दहा मिनिटांत फोन. आधी आम्ही विकायचं नाही, विचारायचं : घरात कमावणारे किती, मुलं कितवीत, कर्ज आहे का, रात्री झोप लागते का. लोक मोकळेपणाने सांगायचे, कारण असं त्यांना कोणी विचारलेलंच नसायचं. आम्ही लिहून घ्यायचो. मग किंमत सांगितल्यावर माणूस मागे सरला की तेच वाक्य त्याला परत ऐकवायचं. ‘ताई, मघाशी तुम्हीच म्हणालात ना, मुलीच्या फीची काळजी आहे?’

‘घरी विचारून सांगते’ याला छापील उत्तर होतं : ‘इतका छोटा निर्णय स्वतः घेता येत नसेल तर व्यवसाय कसा कराल?’ हे वाक्य मी किती बायकांना ऐकवलं, याची मोजदाद नाही. पलीकडे गप्प व्हायच्या, आणि त्या गप्प बसण्यातच होकार यायचा.

‘तीस दिवसांत पैसे परत’ याची खोच सांगते, कारण हे बाहेर कोणाला कळत नाही. अट अशी, की सगळे धडे पाहिलेले हवेत, सगळे गृहपाठ दिलेले हवेत. पण धडे आठवड्याला एक असे उघडतात. शेवटचा धडा छत्तिसाव्या दिवशी. तीस दिवसांत अट पूर्ण करणं कोणालाच शक्य नसतं. हे मला पाचव्या महिन्यात समजलं, एका निवृत्त शिक्षकांनी फोनवर तारखा मोजून दाखवल्या तेव्हा. त्यांनी आवाजही चढवला नाही. मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही. तरी पुढे तीन महिने तिथेच राहिले.

कळवेकरीण ताई, तुमच्यासारखे व्हिडिओ आमच्याकडे ‘सोनं’ समजले जायचे. पैसे देऊन आणलेली माणसं ओळखू येतात. खरी बाई, खरं स्वयंपाकघर, खरा आकडा, याच्यापुढे कोणाचा इलाज चालत नाही. म्हणूनच विक्री विचारायची आणि नफा विचारायचा नाही, अशी प्रश्नांची यादी कॅमेरावाल्याकडे दिलेली असायची. तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्हाला अर्धंच विचारलं गेलं होतं.

---

पारसिक | बुधवार, सकाळी ७:४५

उंबरठा यांनी जे सांगितलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर कायदा बोलतो, म्हणून लिहितो. मी वकील नाही, ग्राहक चळवळीत थोडंफार काम करतो.

३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’विरोधी, म्हणजे ग्राहकाला भुलवून हवं ते करून घेणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविरोधी, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार आहेत. पहिलाच प्रकार खोटी घाई, म्हणजे नसलेली टंचाई दाखवणं. गिऱ्हाइकाला लाज वाटायला लावून होकार काढणं हाही त्यांतलाच एक. त्याआधी जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची तत्त्वं आली. त्यांनुसार जाहिरातीत कोणाचा अनुभव दाखवायचा तर ते त्या व्यक्तीचं प्रामाणिक आणि सध्याचं मत असायला हवं. ताईंचं सध्याचं मत वर लिहिलेलं आहेच. तेव्हा ‘माझं मत बदललं आहे, व्हिडिओ काढून टाका’ असं लेखी कळवा, ईमेलने, व्हॉट्सॲपवर नको. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

पैशांसाठी : आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. आता कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनी बंगळुरूची असो की दिल्लीची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची, ती मात्र चुकवू नका.

हप्त्यांबद्दल दोन शब्द. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या नियमांत ‘कूलिंग-ऑफ’ची सोय आली. कर्ज घेतल्यावर ठरावीक दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून, दंड न देता बाहेर पडता येतं. किती दिवस ते कर्जाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. ज्यांनी काल-परवा सही केली आहे त्यांनी आज ते पत्रक उघडावं. आणि रागाने हप्ता परस्पर बंद करू नका. तुमचं भांडण कोर्सवाल्याशी असलं तरी कर्ज तिसऱ्याच कंपनीचं आहे, सिबिलचा स्कोअर तुमचा खराब होतो.

---

शेवंती | बुधवार, दुपारी ४:१०

मी या साइटवर कधीच लिहीत नाही, नुसती वाचते. आज खातं उघडलं.

मी नेरूळला राहते. क्रोशाच्या पर्स आणि तोरणं करते. कळवेकरीण ताई, मी तुमचा व्हिडिओ बघूनच पैसे भरले. तीनदा बघितला होता. मागच्या मांडणीवरचे स्टीलचे डबे माझ्या आईकडे होते तसेच आहेत. मला वाटलं, ही बाई आपल्यातली आहे, ही कशाला खोटं बोलेल. ६०,००० भरले. माझ्या एका पर्सला दोन दिवस लागतात. महिन्याला पंधरा पर्स होतात, त्यापुढे माझे हात चालत नाहीत. जाहिरात लावून शंभर ऑर्डरी आल्या तर त्या कोण विणणार, हा विचार मला तेव्हा कोणी सुचवला नाही आणि मलाही सुचला नाही.

तुमच्यावर रागावायचं म्हणून लिहायला बसले होते. वरचं सगळं वाचल्यावर काय लिहावं कळत नाही.

---

कळवेकरीण | बुधवार, रात्री ९:५५

शेवंती, दुपारपासून तुमचा प्रतिसाद चार-पाच वेळा वाचला. तुम्ही रागावलात तर मला समजेल. मी तुमची माफी मागते. उंबरठा म्हणतात मला अर्धंच विचारलं गेलं, पण ज्या दिवशी वहीतला हिशेब कळला त्याच दिवशी मी ओरडून सांगायला हवं होतं. मी ग्रुपवर सांगितलं, जिथे आधीच भरलेली माणसं होती. बाहेर सांगितलं नाही. तेव्हा व्हिडिओ चालू होता आणि सोसायटीत बायका कौतुक करत होत्या. त्या कौतुकापुढे ‘मी बुडाले’ म्हणवेना. तुम्ही भरलेत ते बहुधा त्याच दिवसांत.

पारसिक, आज दुपारी ईमेल केलं. व्हिडिओ काढून टाका, त्यातलं मत माझं आताचं नाही, असं लिहिलं आणि वहीच्या तीन पानांचे फोटो जोडले. १९१५ वर तक्रारही नोंदवली, क्रमांक मिळाला. शेवंती, तुमची तयारी असेल तर माझी वही, माझं ईमेल, माझा जबाब, सगळं तुमच्या तक्रारीला जोडा. मी आयोगासमोर यायलाही तयार आहे.

---

येऊरवाट | गुरुवार, सकाळी ९:३०

जाहिराती लावून देणं हाच माझा व्यवसाय आहे, नौपाड्यात लहानसं ऑफिस आहे. त्यामुळे धाग्यात एक गोष्ट हरवू नये असं वाटतं. ऑनलाइन जाहिरात ही थाप नाही. माझ्याकडे एक दंतवैद्य आहेत, एक मॉड्युलर किचनवाले आहेत. किचनवाल्यांना एक गिऱ्हाईक मिळवायला तीन-चार हजार लागले तरी चालतात, कारण काम दोन लाखांचं असतं. १२० रुपये उरणाऱ्या पाकिटाला ते गणित लागू होत नाही. ज्याला ८८ हजार मोजले त्याने हे पहिल्या तासाला सांगायला हवं होतं. कळवेकरीण यांच्यासारखं कोणी आलं तर मी सांगतो, जाहिरातीला हात लावू नका, जुन्या गिऱ्हाइकांची यादी काढा.

आणि जे ८८ हजारांना शिकवलं ते खुद्द फेसबुकवाली मेटा कंपनी ‘ब्लूप्रिंट’मध्ये आणि गूगल ‘स्किलशॉप’मध्ये फुकट शिकवतात. मेटाची ‘ॲड लायब्ररी’ही सगळ्यांना खुली आहे. कोणत्याही गुरूच्या पानाचं नाव टाका, त्याच्या चालू जाहिराती दिसतात. बघा, त्यांतल्या किती एखादी वस्तू विकायच्या आहेत आणि किती कोर्स विकायच्या. मी बऱ्याच जणांच्या पाहिल्या. जो माणूस ‘कोणतीही वस्तू विकायला शिकवतो’ तो स्वतः कोर्सशिवाय काही विकताना मला दिसला नाही.

हा साचा इथला नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०१८ मध्ये ‘मोब’ नावाच्या कंपनीला न्यायालयात खेचलं. ४९ डॉलरला ऑनलाइन धंद्याची ‘२१ पायऱ्यांची’ पद्धत द्यायची आणि पायऱ्या चढता चढता हजारो डॉलरची सदस्यत्वं गळ्यात मारायची. कमिशनच्या म्हणण्याप्रमाणे लोकांचे साडेबारा कोटी डॉलरहून जास्त गेले. तिथला ४९ डॉलरचा कोर्स आणि इथला ९९ रुपयांचा वेबिनार एकाच कामाचे : पाकिटातून पहिली नोट कोण काढतो ते ओळखायचं.

---

घणसोलीकर | गुरुवार, दुपारी १:१५

आमच्या घरी आगरी मसाला होतो. आजीपासून आहे. आम्ही मार्चमध्येच विचारून घेतो कोणाला किती किलो, अर्धे पैसे आगाऊ. तेवढीच मिरची आणतो. शिल्लक राहत नाही, जाहिरात लागत नाही. पावसाळ्याचा प्रश्न आम्हालाही आहे. त्यावर दोन वर्षं सुकट-बोंबलाची चटणी करून पाहतोय, बरी जाते. कळवेकरीण ताई, मेतकूट आणि भाजणी पावसातच जास्त खपते. आषाढाच्या आधी तीच यादी फिरवून बघा.

आणखी एक. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी पीएमएफएमई नावाची केंद्राची योजना २०२० मध्ये आली. कर्ज काढून यंत्र घेतलं तर खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, अशी ती योजना. आम्ही पल्व्हरायझरसाठी, म्हणजे दळायच्या यंत्रासाठी, अर्ज केला आहे. कागद बरेच लागतात.

---

उंबरठा | गुरुवार, रात्री १०:४०

शेवंती, पारसिक, ‘तीस दिवस, छत्तिसावा धडा’ याबद्दल लेखी हवं असेल तर मी देईन. त्या काळातले माझे ईमेल आहेत. शेवंती ज्या कोर्सबद्दल बोलतात तो आमच्या ऑफिसचा नसेलही. पण धडे कोणत्या तारखेला उघडले ते तुमच्या खात्यात दिसेल, त्याचे फोटो आजच काढून ठेवा. तक्रार गेल्याचं कळलं की आमच्याकडे पहिलं काम गिऱ्हाइकाचं खातं बंद करण्याचं असायचं.

---

शेवंती | शुक्रवार, सकाळी ११:०२

फोटो काढले. शेवटचा धडा चाळिसाव्या दिवशी उघडला आहे. १९१५ वर माझीही तक्रार गेली. कळवेकरीण ताई, वही बघायला रविवारी कळव्याला येते. घरी काल सांगितलं. नवरा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, हप्ते किती उरलेत ते सांग.

---

वाचनमात्र_खारघर | शुक्रवार, रात्री ११:३१

कोणी जागं आहे का? माझा वेबिनार आत्ता संपला. इन्स्टाग्रामवर पान वाढवून देण्याचा. २४,९९९ चा कोर्स फक्त थोडा वेळ ७,९९९ ला देत आहेत. पानावर घड्याळ उलटं चाललंय, आता नऊ मिनिटं राहिली. हा धागा कालच वाचला होता, तरी हात थरथरतोय. मागच्या महिन्यात नोकरी गेली आहे. मॅडमचा फोन दोनदा येऊन गेला.

---

उंबरठा | शुक्रवार, रात्री ११:३४

आहे. फोन उचलू नका. ते पान ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत (तिथे आधीची भेट लक्षात राहत नाही) उघडा, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर. घड्याळ बघा आणि इथे लिहा.

---

वाचनमात्र_खारघर | शुक्रवार, रात्री ११:४१

आईच्या फोनवर उघडलं. तिथे पंधरा मिनिटांपासून सुरू झालं. बंद करून पुन्हा उघडलं, पुन्हा पंधरा.

नाही भरले.